तळ्याकाठची खोली

स्क्रू गंजला होता. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबून धरत तिनं पेचकस पुन्हा खाचेत बसवला आणि सगळा जोर मनगटात आणून फिरवला. न्हाणीघराच्या दाराची कडी एका बाजूनं सैल झाली.

"खोलीतून तळं दिसतं का?" तिनं विचारलं.

"दिसतं म्हणजे काय, पायरी उतरलात की पाणीच," पलीकडून घरमालकीणबाई म्हणाल्या. "आणि पानगळ लागली की इथली गर्दीही ओसरते. दोघंच ना? या निवांत."

"दोघंच."

दुसरा स्क्रू निघाला आणि कडी तिच्या हातात आली. ती तिनं खिशात टाकली, बाईंचे आभार मानले आणि फोन ठेवला. आता आतून बंद करता येईल असं एकही दार घरात उरलं नव्हतं. गच्चीची किल्ली तर तिनं कधीच शेजारणीकडे नेऊन दिली होती.

नवरा बाहेरच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसला होता. तरुणपणापासून शहरात बस चालवलेला माणूस. उन्हाळ्याच्या तोंडी, बाजारापाशी बस वळत असताना एक मुलगी सायकलवरून घसरली आणि मागच्या चाकाखाली येऊन जागीच गेली. चौकशी झाली, त्याची चूक नव्हती असं ठरलं. डेपोतले सोबती येऊन, चहा पिऊन, कधी येतोस म्हणून विचारून गेले. त्यानं फक्त मान हलवली. मग हळूहळू मान हलवणंही थांबलं. मुलगी नर्सिंग शिकायला कुठल्याशा गावाहून आली होती, एवढं बायकोला ठाऊक होतं. त्यापुढचं विचारायची तिची छाती झाली नाही.

ती पार्लरमध्ये केस कापायची. दिवसभर लोकांच्या माना सरळ करताना तिचा जीव घराकडे लागलेला असायचा. नेहमीच्या एका बाईंनी बोलता बोलता त्या तळ्याकाठच्या गावाचं नाव घेतलं होतं, आणि बुडत्यानं हाताला लागेल ते धरावं तसं तिनं ते धरलं होतं.

नणंदेनं मात्र फोनवर तिला धारेवर धरलं.

"वहिनी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? दादाची ही अवस्था, आणि तुम्ही त्याला पाण्याकाठी नेताय?"

"मग कुठं नेऊ, ते तरी सांगा."

पलीकडून नणंदेनं फोन ठेवला.

संध्याकाळी चहाचा कप त्याच्या हातात देत ती उसन्या उत्साहानं म्हणाली, "अहो, आपण चार दिवस बाहेर जाऊ या. मी खोली ठरवलीय." आणि तिनं गावाचं नाव सांगितलं.

कप ओठांपाशी गेला आणि तिथंच राहिला.

"तिथं नको," तो म्हणाला.

कित्येक दिवसांनी त्यानं आपणहून काढलेले शब्द. तिला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला होता. का नको, हे तिनं दोनदा विचारलं. तो उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारी एका गिऱ्हाइकाचे केस अर्धे कापून झाले असताना तिनं कात्री सोबतिणीच्या हातात दिली आणि तशीच घरी आली.

खुर्ची रिकामी होती. न्हाणीघराचं दार हात लावताच सताड उघडलं. आत कोणी नव्हतं. शेजारणीकडून किल्ली घेऊन ती धापा टाकत गच्चीवर गेली, कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. मग रस्ता, रेल्वेचा पूल, पुलाखालची झुडपं. इस्पितळात फोन करून तिनं नवऱ्याचं वर्णन सांगितलं, आणि सांगताना त्यानं आज कुठल्या रंगाचा शर्ट घातलाय हे आपण पाहिलंच नाही, हे तिच्या लक्षात आलं. फोन हातात धरून ती घराच्या कोपऱ्यावरच्या फुटपाथवर बसून राहिली.

ऊन कलल्यावर बाहेरगावची बस कोपऱ्यावर थांबली आणि तीतून तो उतरला. प्रवाशांच्या दारातून, सगळ्यांच्या मागून. तिला पाहून जागीच थबकला. त्याच्या नखांत निळी भुकटी भरलेली होती.

ती उठली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारत राहिली. त्यानं तिला अडवलं नाही.

"कुठं गेला होतात?"

"त्याच गावी."

"कधीपासून जाताय?"

"तू कामाला गेलीस की जातो. रोज नाही." तो खाली पाहून बोलत होता. "त्या मुलीचे वडील राहतात तिथं. बोटी दुरुस्त करतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा 'जा इथून' म्हणाले. मी पुन्हा गेलो. पुन्हा गेलो. एकदा त्यांनी खरवडणी हातात दिली आणि बोटीकडे बोट दाखवलं. जुना रंग काढायचा असतो."

"आणि बोलतात काय?"

"काही नाही. एक शब्द नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, कशाला जाता. मला उत्तर देता आलं नसतं."

तिनं त्याचा हात धरून नखांतली निळी भुकटी पाहिली.

"खोली मी रद्द करणार नाही," ती म्हणाली.

पानं पिवळी पडून पाण्यावर तरंगायला लागली तेव्हा ती दोघं गेली. पिशव्या खोलीत टाकून नवरा थेट काठावर निघाला. ती मागोमाग, थोडं अंतर ठेवून. उलट्या घातलेल्या बोटीपाशी त्या मुलीचा म्हातारा बाप पाठमोरा बसला होता. नवऱ्यानं खरवडणी उचलली आणि नेहमीची जागा असावी तसा दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. ती बोटीजवळच उभी राहिली. आपले हात कुठं ठेवावेत तिला कळेना. काय बोलायचं ते बसमध्ये मनात घोळून घोळून पाठ केलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

म्हाताऱ्यानं वर पाहिलं नाही. लाकडावरची भुकटी वाऱ्यानं तिच्या अंगावर येत होती. ती डोळे चोळू लागली.

"वाऱ्याच्या तोंडाशी उभ्या राहू नका," म्हातारा म्हणाला. "डोळ्यांत जातं ते. या बाजूला या."

नवऱ्याचे हात थांबले. मान खाली घातलेलीच होती, पण त्याचे खांदे हलत असलेले तिला दिसले.

ती बोटीला वळसा घालून त्या बाजूला गेली.