जित्या माणसाची मूठ

"आवो, हात पुढं करा बोलते ना! डॉक्टरीण काय तुमचा हात कापून नेते?"

आमच्या सासूबाई, जनाबाई, भरल्या दवाखान्यात सासऱ्यांवर डाफरत होत्या. आणि सासरे दोन्ही हात काखेत दाबून बाकावर बसले होते. चौलच्या वाड्यांतल्या निम्म्या विहिरींत हा माणूस उतरलेला आहे. पंपाचं कुठलंही काम निघालं की लोक नामालाच बोलावतात. विहिरीत साप दिसला तरी "बस तिथं गप" म्हणून पाना फिरवत राहणारा माणूस, पण बोटाला सुई टोचायची म्हटली की त्याचं पाणी पाणी होतं. दर तपासणीला हाच तमाशा. आज मी येणारच नव्हते, पण सांगते कुणाला?

"ही बघा!" आईंनी स्वतःचंच बोट पुढे केलं. "मना टोच गं बाय आदी. बघू दे त्यांना."

कल्पिता मॅडमनी हसत हसत टोचलं. मशीन वाजलं आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी दुसरं बोट मागितलं.

"नेत्रा, यांना साखर कधीपासून आहे?"

"आईंना? छे! साखर बाबांना आहे, मॅडम."

"यांची तीनशे शहाऐंशी आहे."

हे ऐकून बाबांनी कधी नव्हे तो आपणहून हात पुढे केला. त्यांची निघाली एकशे अठ्ठावीस.

मग मॅडमनी पाय बघायला मागितले. आई साडी खाली ओढत राहिल्या, शेवटी मीच ती वर केली. टाचेवर हळद-खोबरेल थापलेलं होतं. खाली उघडी जखम. शिमग्याच्या आधी खाडीत तिसऱ्या-शिंपल्या काढायला गेल्या होत्या, तेव्हा शिंपल्यानं कापलेलं. आता आंबे संपत आले होते.

"दुखत न्हाय गं," आई म्हणाल्या.

"दुखत नाही हेच वाईट आहे. साखर उतरली नाही तर हे भरायचं नाही, आणि वर सरकलं तर पाय वाचवणं कठीण." मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या, आणि जेवणाचं नीट बघा म्हणून मला बजावलं.

रिक्षात बसलो. माझ्या डोक्यात एकच किडा. ही बाई गोड खात नाही. चहा कोरा, लग्नातला लाडूसुद्धा पदरात बांधून पोरांना वाटते. मग एवढी साखर आली कुठून? बाबांचं पथ्य तर मी स्वतः लावलेलं. भात बंद करून नाचणीची भाकरी. निम्मं ताट भाजी, वालाचं बिरडं नाहीतर मासळी, आणि जेवल्यावर बंदरापर्यंत चक्कर. त्यांची साखर उतरली म्हणून मी गावभर मिरवत होते हो! तिच्याकडे बघितलंच नव्हतं. मी माझ्या दुकानावर डबा नेणारी, दुपारी ती काय जेवते हे मला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं.

बाबा जेवून पडवीत गेल्यावर आईंनी ताट वाढून घेतलं. भाताचा डोंगर. तो संपला, पुन्हा तेवढाच. वर पेज.

"आई, हे काय? एवढा भात?"

"उरलाय ना. टाकू?"

"आणि रात्री?"

"रातच्याला भाकरी."

"ती पण तांदळाचीच! पोटात जाऊन साखरच होते त्याची. कमीच शिजवायचा ना मग!"

"माप कमी करायचा न्हाय."

"का?"

आईंनी पेजेत मीठ कालवलं. मी भांडायला बसले. मला कुणी गप्प बसून उत्तर दिलं की माझं डोकं फिरतं. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "आगं, मूठ कवा काढतात?"

आणि मला आठवलं. आईंकडे मापटं नाही. त्या मुठीनं तांदूळ घेतात, माणशी दोन मुठी, आणि घेताना ओठ हलत असतात. मला वाटायचं देवाचं काही म्हणतात. त्या नावं घेत होत्या. ही परेशची, ही नेत्राची, ही ह्यांची. आजेसासूबाई सखुबाई गेल्या, तेव्हा बाराव्यानंतर आईंनी सुपातून तांदूळ परत पिंपात टाकले होते आणि तिथंच बसून हंबरडा फोडला होता.

"मानूस गेल्यावर त्याची मूठ काढतात," आई म्हणाल्या. "त्यांचा भात बंद केलास, बरा केलास. पन जित्या मानसाची मूठ मी कशी काढू? कुकू हाय माझा. आन शिजवल्यावर कोनी खायाची? नवऱ्याचा वाटा कोंबड्यांना घालू?"

"म्हणजे दोन वर्षं बाबांचा भात तुम्ही खाताय?"

"परेस गाडीवर असला की त्याचा बी."

परेश, माझा नवरा, ट्रेलर चालवतो. आठवड्यातले चार दिवस उरणच्या बंदरात नाहीतर रस्त्यावर. मी हिशेबच सोडून दिला. तीन माणसांचा भात ही काटकुळी बाई एकटी गिळत होती, आणि गोड खात नाही म्हणून आम्ही तिला निरोगी समजत होतो.

"पाय जाईल तुमचा!" मी ओरडले. रडतही होते.

"जाऊ दे पाय. मूठ न्हाय काढायची."

पडवीत बाबा पंपाचा वॉल्व्ह साफ करत होते. पान्याचा आवाज थांबलेला मला ऐकू आला. संध्याकाळी ते चक्कर मारायलाही गेले नाहीत.

सकाळी आईंनी तांदळाचं पिंप उघडलं तेव्हा बाबा येऊन पाटावर बसले. स्वयंपाकघरात हा माणूस चहा मागायलासुद्धा येत नाही.

आईंनी सुपात मुठी टाकल्या. ओठ हलले. बाबांनी आपला ग्रीसनं काळा झालेला पंजा सुपात घातला.

"आवो, काय करता!" आईंनी त्यांचं मनगट गच्च धरलं. "नका वो. अपशकून असतो."

"हात धरलायस ना? थंड लागतो कं गरम?"

आईंची पकड सैल झाली.

"जिता हाय मी, जने. म्हनून तर माझी मूठ मीच काढतो. मेल्यावर कोन काढनार ते मना काय ठाव? आन तू लंगडी झालीस तर मना भाकरी कोन घालील?"

त्यांनी मूठ पिंपात सोडली, मग दुसरी. आई पदर तोंडात कोंबून रडत होत्या, पण अडवलं नाही. आईंच्या स्वतःच्या दोन मुठींतलीही एकच ठेवायची ठरली. डाळ, भाजी, मासळी पोटभर, भात वाटीभर.

"परेसची ऱ्हायली," बाबा म्हणाले. "त्यो चार दिस न्हाय. तुझा नवरा, तू काढ."

त्यात काय मोठं? मी शिकलेली, मी नाही असलं काही मानत. सुपात हात घातला, मूठ भरली, पिंपावर नेली.

बोटं उघडेनात. रात्री तो फोनवर म्हणाला होता, घाटात धुकं आहे, हळू चाललोय. तेवढंच आठवत राहिलं.

आईंनी डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं, हसल्या नाहीत की टोमणा मारला नाही. माझ्या मुठीवर स्वतःचा हात ठेवला आणि म्हणाल्या, "चल, दोघी मिलून सोडू." तांदूळ पिंपात पडले, मग दुसरी मूठही.

"आता लाव त्याला फोन," त्या म्हणाल्या.

मी लावला. स्पीकरवर टाकला. मागं इंजिनाची घरघर होती.

"हां, काय गं? सकाळी सकाळी? काय झालं?"

मी फोन आईंपुढे धरला. बाबा पिंपाचं झाकण हातात धरून उभे. आईच फोनकडे वाकल्या.

"काय न्हाय झाला. तू बोल जरा."

"काय बोलू? आये? हॅलो? आयकायला येतंय कं? हॅलो?"

आम्ही तिघंही त्याचं हॅलो हॅलो ऐकत राहिलो.