अकरावा थर

आमच्या जीवन सरांना तार आणि सुतळी यांतला फरक कळत असेल, तर मी नाव बदलीन. अंबडच्या आमच्या शेडमध्ये मोठ्या चुंबकांच्या कॉइल बनतात आणि हा माणूस तिथला मॅनेजर. टाय लावायचा, इंग्रजी झाडायचं, संपलं काम.

कॉइल गुंडाळते मी. आधी दिंडोरीत पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचे, आता ही अतिवाहक तार. हेलियमच्या भयंकर थंडीत बुडवली की ती प्रचंड करंट घेऊनही तापत नाही. फक्त केसभरही हलता कामा नये. हलली की तिथे ऊब येते आणि अख्खी कॉइल दगा देते. त्याला आम्ही क्वेंच म्हणतो. म्हणून थर पुरा होईपर्यंत तारेचा ताण सोडायचा नसतो.

खंडेनवमीला अकरावा थर अर्धा झाला होता. सर झेंडूच्या माळा आणि फोटोग्राफर घेऊन हजर.

"सर, पूजा करा, पण मशीन बंद करू नका. वीज गेली की ब्रेक सुटतो, तार ढिली पडते."

"उज्वलाताई, चालू मशीनची पूजा करतात का कुठे? आज त्यालाही सुट्टी!" म्हणत त्यांनी बटण दाबलं. नारळ फोडला, कुंकू लावलं, दात काढून फोटो काढून घेतले. मग लोंबलेली तार स्वतःच्या बोटांनी ओढली. "झालं की!"

डोंबल झालं! तो थर उकलून पुन्हा घालायला हवा होता. ही कॉइल एका संशोधन संस्थेची; पास झाली की त्यांचीच दुप्पट मोठी कॉइल येणार होती आणि ती गुंडाळायची मला मरणाची हौस. पण या माणसाची फजिती बघायची हौस त्याहून मोठी निघाली. म्हटलं, पड एकदाचा तोंडावर! थराच्या कागदावर 'ताण योग्य' लिहिलं, सही ठोकली आणि बारावा थर घेतला.

चाचणीला संस्थेच्या योगिनी मॅडम आल्या. चारशे अँपिअर गाठायचे होते. दोनशे साठलाच क्वेंच. हेलियमची वाफ भसाभस बाहेर.

"नवी कॉइल दोन-चारदा दमते मॅडम, मग सरावते," सर म्हणाले. कुठूनतरी ऐकलेलं. पाचही वेळा दोनशे साठलाच बसली. मला हसू आवरेना.

मॅडमनी आलेख पाहिले. दरवेळी अकरावाच थर. त्यांनी त्याचा कागद मागितला, तसे सर हळूच मागे सरकले. भित्रा मेला! मीच पुढे होऊन खंडेनवमीचा सगळा तमाशा रंगवून सांगितला.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला? सरांना यातलं ओ की ठो कळत नाही."

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर मी ही कॉइल तुमच्या भरवशावर दिली होती."

इपॉक्सी ओतून घट्ट झालेली कॉइल, आता उकलायचीही सोय नव्हती.

शेडने तिच्या जागी फुकटात नवी बनवून दिली, ती पास झाली आणि मोठी कॉइल आमच्याच शेडमध्ये आली. सर अजून केबिनमध्येच आहेत. कॉइल माझ्या हाताखालचा सोमनाथ गुंडाळतो. मी तारेला हात लावायचा नाही, ही मॅडमची अट आहे.