सॉरीसाठी अकरा शब्द

ऑफिसात मला 'दिलगीरबाई' म्हणतात. पाठीमागे नाही, चांगलं तोंडावर. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचं कौतुकच वाटायचं.

आमची कंपनी इलेक्ट्रिक किटल्या बनवते आणि मी तक्रार विभागात उत्तरं लिहिते. माझ्या आधीचा कारकून सगळ्यांना एकच ओळ पाठवायचा, 'सॉरी, पुन्हा असं होणार नाही.' साहेब वैतागले होते. "अहो, सॉरी काय! शिंक आली की सॉरी, धक्का लागला की सॉरी, ऐकू आलं नाही तरी सॉरी. जरा वजनदार काहीतरी काढा." मी काढलं. खेद, खंत, दिलगिरी, क्षमस्व, असे शोधून शोधून अकरा शब्द जमवले आणि यादी टेबलाच्या काचेखाली सरकवली. त्यांची पायरीही ठरवली. पहिल्या पत्राला खेद, दुसऱ्याला दिलगिरी, तिसऱ्याला मनःपूर्वक क्षमस्व आणि सोबत नवी किटली. चौथं पत्र सहसा येत नाही, माणूस कंटाळतो. यादीच्या तळाशी साहेबांनी लाल पेनाने तीन शब्द लिहिलेत, ते आम्ही कधीच वापरायचे नाहीत: चूक, दोष, जबाबदारी.

तर एका काकांचं पत्र आलं. निवृत्त ड्राफ्ट्समन, अक्षर छापल्यासारखं. त्यांची बायको किटलीतून पाणी ओतत असताना हँडल निसटलं आणि उकळतं पाणी चार वर्षांच्या नातीच्या पायावर सांडलं. पाय आता बरा आहे, डाग राहिलाय. 'मला भरपाई नको,' त्यांनी लिहिलं होतं. 'हिला वाटतं, हिचाच हात ढिला पडला. तेव्हापासून ही नातीला उचलत नाही. हँडलमध्येच काही बिघाड होता का, एवढं एका ओळीत कळवा.'

आता ऐका. बिघाड होता. हँडलचा स्क्रू आखूड होता आणि त्या महिन्यातल्या सगळ्या किटल्यांना तोच लागला होता. तपासणी विभागाचा कागद माझ्याच खणात होता, एकतीस तक्रारींच्या यादीसकट. मी तो वाचला, परत खणात ठेवला आणि काकांना खेद कळवला.

त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी दिलगिरी कळवली. ते दुसरं पत्र तर इतकं झकास उतरलं की मी शेजारच्या टायपिस्टला वाचून दाखवलं. 'आपल्या कुटुंबाला सोसाव्या लागलेल्या मनस्तापाची आम्हांस तीव्र जाणीव आहे.' ती म्हणाली, "बाई गं, डोळ्यांत पाणी येईल वाचून!" आम्ही दोघी हसलो. हो, हसलो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या पत्रासोबत किटली गेली. आठ दिवसांत खोकं न उघडता परत आलं. वर चिठ्ठी होती.

'आपली तिन्ही पत्रं सुंदर आहेत. हिने ती जपून ठेवलीत. ही म्हणते, एवढी मोठी कंपनी, इतकी सभ्य भाषा, त्यांचं काही चुकलं असतं तर त्यांनी लिहिलं नसतं का? आता माझं ऐकतच नाही.'

 म्हणजे मी त्या बाईचं सांत्वन केलं नव्हतं, तिच्याविरुद्ध पुरावा लिहून दिला होता, आणि तोही शुद्धलेखन तपासून!

साहेबांकडे गेले. म्हटलं, एकच ओळ लिहू या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नोकरीचा कंटाळा आलाय का? बाकीच्या तीस जणांनी तीच ओळ मागितली तर? आणखी एखादा शब्द शोधा की, तुमचा तर हातखंडा आहे."

मी परत जागेवर येऊन बसले आणि, सांगायला लाज वाटते, खरंच बारावा शब्द शोधायला लागले. अर्धा तास शोधला.

रविवारी काकांच्या घरी गेले. नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. दुसरा मजला, दारात एका ओळीत चपला, त्यात एक वीतभर लांबीचा लाल जोड. दार काकूंनी उघडलं. "सॉरी हं, पसारा आहे," असं म्हणत त्यांनी खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. मी कंपनीतून आलेय म्हटल्यावर त्या एकदम कानकोंड्या झाल्या.

"अहो, कशाला आलात एवढ्या लांब? ह्यांनी उगाच पत्रांवर पत्रं पाठवून तुम्हाला भंडावून सोडलं. माझाच हात हो. वय झालं आता."

"काकू, हात तुमचा नव्हता. हँडल खराब होतं. चूक आमची आहे."

त्यांनी माझ्याकडे लहान मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "ह्यांनी बोलावून घेतलं ना तुम्हाला? माझी समजूत घालायला?"

"नाही गं बाई!" काका ओरडतच आतून बाहेर आले.

काकूंनी कपाटातून प्लास्टिकची फाइल काढली. माझी तिन्ही पत्रं, तारखेप्रमाणे लावलेली. "हे बघा, शिक्क्यानिशी आहे. यात कुठे लिहिलंय तसं? कोणी लिहिलीत देव जाणे, पण फार सज्जन माणूस असणार."

तेवढ्यात नात आतून पळत आली आणि काकूंसमोर हात वर करून उभी राहिली. काकूंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "आजोबांना सांग हं, ते घेतील." मुलगी मुकाट्याने वळली. सवय झाली होती तिला.

मला ते बघवेना. मी पर्समधून तपासणीचा कागद काढला. आदल्या दिवशी त्याची प्रत काढून आणली होती, आणि जिना चढताना ठरवलं होतं की अगदीच गरज पडली तरच दाखवायची. म्हणजे तिथेही मी पायरी ठरवूनच गेले होते! कागद काकूंच्या पुढ्यात ठेवला. कंपनीचा शिक्का, स्क्रूचं माप, एकतीस गिऱ्हाइकांची यादी, आणि कोपऱ्यात मिळाल्याची तारीख व माझी सही.

काकूंनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मग फाइलमधलं पहिलं पत्र काढून शेजारी ठेवलं आणि दोन्हींवरच्या तारखांवर बोट फिरवलं.

"हे आधीचं आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि ही पत्रं?"

"मीच लिहिली."

"म्हणजे पहिलं पत्र लिहिलंस तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो काकू. सॉरी."

असं म्हटलं की लोक 'असू दे' म्हणतात, 'होतं असं' म्हणतात.  काकांनी आमच्या दोघींकडे पाहिलं आणि दार उघडून धरलं.

"अडीच महिने," काकू म्हणाल्या. माझ्याशी नाही, अशाच. मग उठल्या, नातीजवळ जाऊन वाकल्या आणि तिच्या काखेत हात घातले. तिला उचललं. मुलीने त्यांच्या गळ्याला घट्ट मिठी मारली आणि त्यांच्या खांद्यावरून, मी अजून तिथे का उभी आहे अशा नजरेने, माझ्याकडे बघत राहिली.