रामोनचा टुंबा

हिरामणला मुंबईत रामोन म्हणत. हे नाव त्याला कुणी चिकटवलं नव्हतं, त्यानंच हौसेनं घेतलं होतं. गळ्यात शिंपल्यांची माळ, डोक्यावर गवती टोपी आणि पुढ्यात हातानं वाजवायचे तीन उंच कोंगा, अशा थाटात तो हॉटेलच्या स्टेजवर बसला की समोर जेवणारे लोक त्याला थेट क्युबाचाच समजत. क्युबा त्यानं नकाशात एकदाच पाहिला होता. जन्म भिवंडीजवळच्या कोन गावचा, आणि तिथे कोंग्याला टुंबा म्हणतात.

हाच टुंबा त्यानं पंधराव्या वर्षापासून गावच्या बेंजो पार्टीत, हळदी-हळदीतून बडवला होता. पुढे तो एका ऑर्केस्ट्रात शिरला, तिथून तीन वर्षं जहाजावर. जहाजावरच्या एका म्हाताऱ्या वादकानं त्याला क्लावे शिकवला. दोन काठ्यांवर वाजवायचे पाच ठोके, ज्यांच्या आधारानं क्युबाचं सगळं संगीत चालतं. ते पाच ठोके हिरामणच्या डोक्यात असे गेले की उरलेलं जग त्याला अडाणी वाटू लागलं. मग मिहिरच्या लॅटिन जॅझ फ्यूजन बँडमध्ये त्यानं अठरा वर्षं काढली.

गावी आला की तो बेंजोवाल्या दौलतला सुनवायचा, "तुमचं वाजवणं म्हणजे नुसता कालवा. यात क्लावे कुठाय?"

"तुज्या पाठी बेंजो कोन वाजवतंय?" दौलत विचारायचा.

"तिथे बेंजो नसतो."

"मंग लोक नाचतान कशावर?"

यावर हिरामण नाक मुरडायचा. हॉटेलातले लोक नाचत नव्हते, जेवत होते.

बँडमध्ये त्यानं एक गोष्ट मात्र कुणाला कळू दिली नव्हती. त्याची आई गुणाबाई धवलारीण होती. लग्नघरी धवले गाऊन देवांना एकेक करून बोलावणारी, हळदीचे विधी पार पाडणारी. पंचक्रोशीत तिच्याशिवाय हळद लागत नसे. रामोननं अठरा वर्षं तिला 'हाउसवाइफ' करून टाकलं होतं.

मग वारं फिरलं. परदेशातल्या एका महोत्सवानं मिहिरला कळवलं की क्युबाचं संगीत आम्ही क्युबावाल्यांकडूनच ऐकतो, तुमच्या मातीतलं काही असेल तर पाठवा. आयुष्यभर विसाव्या मजल्यावर राहिलेल्या मिहिरला एकदम माती आठवली. शिवाय त्याला रुचिरा नावाची चोवीस वर्षांची एक पोरगी सापडली होती. कोंग्यावर तिचा हात जबर होता, आणि महोत्सवाला कोंगावाला एकच जाणार होता. हिरामणला पन्नासावं लागलं होतं. ही जागा गेली की पुन्हा दौलतच्या पार्टीत जावं लागणार होतं. तेव्हा त्यानं इतकी वर्षं लपवलेली आई एका झटक्यात बाहेर काढली.

"माझी आई लोकगायिका आहे," तो मिहिरला म्हणाला. "भाचीची हळद आहे. आई गाईल, मी साथ करीन, तू शूट कर."

आईला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. आईला काय विचारायचं?

बहिणीच्या, भावनाच्या अंगणात दिवस कलताना हळदीला सुरुवात झाली. डीजेनं सकाळपासून गावाचे कान किटवले होते. पण गुणाबाईनं पदर सावरला तसा डीजेवाला सागर न सांगता उठला आणि त्यानं मशीन बंद केलं. धवल्याला काही वाजवत नाहीत, हे कोनमध्ये शेंबडं पोरही जाणतं. हिरामणही जाणत होता. पण त्याची समजूत अशी की गावठी लोकांना साथ करता येत नाही, म्हणून वाजवत नसतील!

गुणाबाईनं पहिल्या देवाला हाक घातली. दुसऱ्या ओळीला हिरामणनं टुंब्यावर क्लावे धरला. आता धवल्याची ओळ चालते श्वासावर. देवाचं नाव लांबलं की ओळ लांबते. क्लावे कुणासाठी थांबत नाही. चौथ्या ओळीला आई एकीकडे आणि लेक भलतीकडे. तेव्हा हा शहाणा तिला बोटानं खूण करू लागला, लवकर ये म्हणून. स्वतःच्या आईला, तिच्याच धवल्यात!

गुणाबाई थांबली. तिच्यामागे गाणाऱ्या बाया थांबल्या. टुंबा तेवढा दोन ठोके पुढे गेला.

"डीजेवाल्याइतकी पन अक्कल न्हाय का रं तुला?" गुणाबाई म्हणाली. "धवला मोडलास. आता पयल्या देवापासून बोलवाया लागंल."

मिहिर कॅमेऱ्यामागून पुढे आला. "आजी, मस्त चाललं होतं. एकदा परत घेऊ या?"

"यो कोन? तुज्या पार्टीचा मालक?" तिनं हिरामणला विचारलं. "मंग सांग त्याला, तू हितं मामा हायस. मामाचे हात मोकले लागतान. उठ, हलद लाव."

अंगण हसलं. दौलत सगळ्यांत मोठ्यानं हसला. हिरामण मान खाली घालून उठला आणि भाचीला, सुकन्याला, त्यानं हळद लावली. गुणाबाई पुन्हा पहिल्यापासून गायली, सगळे देव येईपर्यंत. मिहिरनं ते अख्खं टिपलं.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. "निवड झाली! त्यांना तुझी आई हवीय. एकटीच गाणार, तिच्या गाण्याला कोंगा नको म्हणतायत. बँडच्या बाकी गाण्यांना कोंग्यावर रुचिरा. पण आईला सांभाळायला कुणीतरी लागेल, म्हणून तूही चल. एखादं गाणं वाजवशीलही."

म्हणजे अठरा वर्षांची नोकरी आईची पिशवी धरण्यावर आली होती. त्याला भयंकर लागलं. पण एक गाणं तर होतं! तेवढ्यावरही त्याचा जीव अडकला.

गुणाबाई ओसरीवर वाल सोलत बसली होती. "आये, परदेशात बोलावलंय तुला. धवले गायला."

"लगीन कोनाचं हाय?"

मिहिरचं, असं म्हटलं असतं तर ती विमानात बसली असती. धवलारीण लग्नाला नाही म्हणत नाही. मिहिरची दोन लग्नं होऊन मोडली होती, तिसरं कुणाला खोटं वाटलं नसतं. हिरामणनं तोंड उघडलं. आई वाल सोलायची थांबून, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायला तयार, त्याच्याकडे पाहत होती. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"कोनाचं न्हाय," तो म्हणाला. "लोक तिकीट काढून बसतान, आन आयकतान."

"नवरी न्हाय, नवरा न्हाय, आन देव बोलवायचं?" गुणाबाईनं वाल पुन्हा हातात घेतले. "ते आलं तर काय सांगू त्यांना? तिकीट काढा म्हनून?"

हिरामणनं तिथेच उभं राहून मिहिरला फोन लावला. रुचिराला घेऊन जा, म्हणाला.

"आणि आई?"

"तिला जमणार नाही," हिरामण म्हणाला. "तिला पडघा गावच्या हळदीत गायचंय."