केवलरामने सोडलेली कॉफी

कलावतीच्या काळजात डॉक्टरने बोट घातलं होतं, ही गोष्ट तिचा नवरा केवलराम भेटेल त्याला सांगत असे. तो चरोद्याच्या मार्शलिंग यार्डात शंटिंगच्या कामावर होता. मालगाडीचे डबे तोडून-जोडून कारखान्याकडे लावून झाले, की झेंड्या काखेत धरून तो आपलं बोट हवेत फिरवून दाखवायचा. "झडप आवळली होती. डॉक्टरनं छाती उघडली, बोट घातलं, असं फिरवलं, झाली मोकळी." ऐकणारे आधी त्याच्या बोटाकडे बघत आणि मग हळूच स्वतःच्या छातीवर हात ठेवत.

लहानपणी आलेल्या सांध्यांच्या तापाने कलावतीचं काळीज बिघडलं होतं. तिशी गाठायच्या आतच नळावरून बादली आणताना तिला मध्ये दोनदा बसावं लागे. रेल्वेच्या डॉक्टरांनी कागदपत्रं करून तिला मद्रासकडच्या एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. परत आली ती डाव्या बगलेखाली लांबलचक व्रण घेऊन, पण ओठांचा निळेपणा गेला होता आणि भूक लागत होती. जेवणापेक्षाही तिला कॉफी हवी होती.

कलावतीचं माहेर तुमसरकडचं. तिकडे तिने कॉफीचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. तिला ती लावली शेजारच्या क्वार्टरमधल्या राजम्माने. राजम्मा विजयवाड्याची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि हिंदी दोघींचीही मोडकीच. पण पुरुष ड्यूटीवर गेले, की राजम्माचं पितळी फिल्टर ठिबकायला लागायचं आणि कलावती तिच्या पायरीवर जाऊन बसायची. मग दुखणं वाढलं, कॉफीने काळीज धडधडायला लागलं आणि डॉक्टरांनी ती बंद केली.

पावसाळा संपता संपता रेल्वेच्या दवाखान्यात तिची तपासणी झाली. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि समाधानाने मान हलवली.

"कॉफी चालन का जी?" कलावतीने विचारलं.

"सकाळी एक कप घ्या. आता काही भीती नाही."

बाजूच्या स्टुलावर केवलरामला खोकला आला. घरी परतताना त्याने सायकल जोरात हाणली. क्वार्टरपाशी उतरल्याबरोबर कलावती राजम्माच्या दाराकडे वळली, तेव्हा तो म्हणाला, "थांब. तुले कॉफी नाही पेता येत."

"डॉक्टर हो म्हणाले ना. तुमी होते ना तिथं."

"डॉक्टरचं नाही वं. देवीचं आहे."

मग सगळं बाहेर आलं. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा केवलराम इस्पितळाच्या बाकावर एकटाच बसला होता. आजूबाजूला सगळी तमिळ बोलणारी माणसं. कोणाशी बोलावं कळेना, म्हणून तो डोंगरगडच्या बमलाई देवीशी बोलला. बाई, हिले वाचव, कॉफी सोडली.

"कोणी सोडली?" कलावतीने विचारलं.

"तू."

"मी तर टेबलावर बेशुद्ध होती."

"म्हणून तर मले बोलावं लागलं."

"तुमी पेता कॉफी?"

"नाही. मले तर तिचा वासही नाही सहन होत."

केवलरामची आई गिरजाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "नवस बोलताना तुह्या तोंडात तंबाखू कावून नाही आला रे? दिवसभर तर तेथंच राहते."

सून आणि सासू एका बाजूला झालेल्या केवलरामने पहिल्यांदाच पाहिल्या. तो म्हणाला, "जीव तिचा, म्हणून वस्तूही तिचीच बोललो." त्याला हे अगदी सरळ वाटत होतं. त्या दोघींना वाटलं नाही.

कलावती भांडली नाही. तिने नवसही मोडला नाही, कारण देवीला तीही भीत होती. ती रोज सकाळी राजम्माच्या पायरीवर जाऊन नुसता वास घेत बसू लागली. राजम्माने कारण विचारलं. कलावतीने सांगितलं. राजम्माला वाटलं हिंदी कळण्यात आपलीच काही चूक झाली, म्हणून तिने पुन्हा विचारून घेतलं.

"वो पीता नहीं. फिर भी वो छोड़ा?"

"हाँ."

"तुम पीता. पूछा नहीं?"

"मी सोई हुई थी ना."

राजम्मा यावर तेलुगूत बरंच काही बोलली. त्या दिवसापासून तिच्या घरून केवलरामसाठी येणारं गोंगुऱ्याचं लोणचं बंद झालं. आंबाडीच्या त्या लोणच्याशिवाय त्याला भाकर जात नसे. त्याने दोन-चार दिवस ताटाकडे पाहिलं आणि मग आईला विचारलं, "काय करू आता?"

"जिले नवस बोलला तिलेच जाऊन सांग. माह्यापाशी काय रडून राहिला?"

सुट्टीच्या दिवशी तो कलावतीला आणि आईला घेऊन सकाळच्या पॅसेंजरने डोंगरगडला निघाला. राजम्माही निघाली. देवीचं दर्शन घ्यायचं म्हणाली, पण तिच्या पिशवीतून थर्मासचं झाकण दिसत होतं. कलावतीला डोंगर चढायचा नव्हता, म्हणून तिघी बायका पायथ्याशी झाडाखाली बसल्या आणि केवलराम एकटा पायऱ्या चढू लागला. प्रत्येक वळणावर तो थांबे, धापा टाके आणि चिमूटभर तंबाखू तोंडात टाकून पुढे निघे. वर पोचायच्या आधी त्याने चूळ भरली.

पुजाऱ्याने त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मन्नत किसने बोली?"

"मैंने."

"तो दूसरे की चीज कैसे चढ़ेगी, भैया? अपनी बोलो."

केवलरामने विचार केला. "बैंगन छोड़ता हूँ."

"बैंगन पसंद है?"

"वैसे तो नहीं."

पुजारी नुसता त्याच्याकडे बघत राहिला. मागे रांग लागली होती. शेवटी केवलरामने खिशातून तंबाखूची डबी काढली आणि पूजेच्या ताटात ठेवली. पुजाऱ्याने ती दोन बोटांनी उचलून त्याच्या हातात परत दिली. "इधर नहीं. नीचे जाके फेंकना."

तो घामाघूम होऊन खाली आला. तो कलावतीशेजारी धपकन बसला. इस्पितळात राहून लागलेल्या सवयीने तिने त्याची नाडी धरली. "तुमचं तर माह्याहून जास्त पळून राहिलं."

"तंबाखू सोडला," तो म्हणाला.

"जमन काय रे तुले?" गिरजाबाईने विचारलं.

केवलरामने पायाचे तळवे चोळले. मग कलावतीकडे न बघता म्हणाला, "तेव्हाही पहिले तंबाखूच आला होता मनात. पण तो माह्याच्यानं सुटत नाही, मले माहीत आहे. मी मोडला असता अन् हिले काही झालं असतं, तं? हिच्यावर भरोसा होता. ही बोललेलं पाळते."

त्याचं मनगट सोडायला कलावतीला थोडा उशीर झाला.

राजम्माने थर्मास उघडला आणि पेला भरला. केवलराम आता कलावतीच्या तोंडाकडे एकटक पाहत होता, जणू तिथे सिग्नल पडणार होता. तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. तो ताडकन उभा राहिला.

"काय झालं?"

"साखर कमी आहे."

राजम्मा रागावली. तिच्या मते साखर अगदी बरोबर होती, इतक्या महिन्यांत कलावतीची जीभच बिघडली होती. कलावतीने पेला संपवला. थर्मासमध्ये राहून कॉफी कोमट झाली होती आणि तिला बुचाचा वास लागला होता. तरी तिने पेला पुन्हा पुढे केला.

"डॉक्टरनं एकच सांगितला," केवलराम म्हणाला.

"हा उद्याचा आहे."

त्यानंतर लोणचं पुन्हा यायला लागलं. केवलराम खिशात बडीशेप ठेवायचा, चिडचिड करायचा, झोपेत दात खायचा. पण दिवाळी पार पडली आणि त्याने तंबाखूला हात लावला नाही. मग एका कडाक्याच्या थंडीत, ड्यूटीवर, कोणीतरी मळून पुढे केला आणि त्याने विचार न करता तोंडात टाकला.

तो घरी आला तो चेहरा पाडून. कलावती चुलीपाशी भाकरी थापत होती. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "आज खाल्ला मी."

तिने पिठाचा हात तसाच स्वतःच्या छातीवर ठेवला आणि मान कलती करून थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं. तो श्वास रोखून बघत होता.

"चालून राहिलं बराबर," ती म्हणाली. "हातपाय धुवा अन् जेवाले बसा. उद्या नका खाऊ."