जीव जयस

माझ्या सासूबाईंचा जीव माझ्यावर जळतो, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. हे मला कुणी कानात सांगितलेलं नव्हतं. त्या स्वतःच सांगत, तेही माझ्यासमोर, आणि नेमक्या जेवण झाल्यावर.

माझं माहेर जळगावचं, पण सरकारी क्वार्टरमधलं. वडील कोर्टात कारकून, आई नगरकडची. घरात पुस्तकी मराठी आणि गूळ घातलेली आमटी. सत्त्याऐंशी साली लग्न होऊन धुळ्याला आले, तेव्हा मला अहिराणी कळायची ती एवढीच, की समोरचा अहिराणी बोलतोय. सासूबाई शिंदखेड्याकडच्या. नाव धुरपदाबाई, पण गल्लीत लहानथोर सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. वय बावन्न-त्रेपन्न, बांधा काटक, बोलणं मोजकं. सासरे आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेले होते. घरात आम्ही तिघंच: अक्का, मी आणि माझा नवरा लीलाधर, जो एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता आणि ज्याला इंजिनातला बारीक आवाज लगेच कळायचा, बायकोचा मात्र मोठा आवाजही कळत नसे.

नगरपालिकेच्या शाळेत मला नोकरी लागल्याचं पत्र आलं, त्या दिवशी मी शेवभाजी केली. पहिलीच. काळा मसाला, वर बोटभर लाल तेल. अक्का सगळी जेवल्या, ताटात रस्सा ठेवला नाही. मग उठून खाटेवर आडव्या झाल्या, छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मना जीव जयस, बाई."

'जयस' म्हणजे 'जळतो', एवढं मला कळलं. आणि आमच्या क्वार्टरमधल्या मराठीत जीव जळतो तो कुणामुळे तरी. सून नोकरीला निघाली म्हणून यांचा जीव जळतो, झालं! त्या दिवशी मी भांडी जरा जोरातच घासली.

त्यानंतर हे रोजचंच झालं. मी सकाळच्या शाळेतून एकला येऊन स्वयंपाक करायची, दोघी जेवायचो, अक्का आडव्या व्हायच्या आणि पाच-दहा मिनिटांत छातीवर हात. मी हट्टी आहे. या बाईचं मन जिंकायचंच म्हणून मी शेजारणींकडून एकेक पदार्थ शिकले. पातोड्यांची भाजी शिकले, भरतात मिरच्या किती कुटायच्या ते शिकले, कळण्याच्या भाकरीबरोबरचा ठेचा शिकले. शिकताना डोळ्यांतून, नाकातून पाणी यायचं. अक्का पानात पडेल ते सगळं खायच्या. 'छान झालंय' असंही म्हणायच्या. आणि मग तेच, "मना जीव जयस." मला वाटायचं, आता मी आणखी काय करू?

लीलाधरला विचारलं, "अक्कांचा जीव कशाने जळतो हो?"

तो गंभीर झाला. "बाबा गेले तेव्हापासून जळतो तिचा. माझंच चुकलं. तेव्हा मी डबल ड्यूटी करत होतो, लक्ष द्यायला हवं होतं."

म्हणजे त्याने ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, मी माझ्या. ज्याच्या मनात जे खुपत होतं ते त्याने त्या दोन शब्दांत ऐकलं. नुसतं 'कुठे जळतं' हे विचारायचं मात्र आम्हा दोघांपैकी कुणालाही सुचलं नाही. मी तर मास्तरीण, दिवसभर पोरांना प्रश्न विचारून भंडावून सोडणारी!

एका दुपारी अक्कांना फारच झालं. छाती धरून उठून बसल्या, कपाळावर घाम. आम्ही घाबरलो आणि एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते घाटावरचे, नवीनच आलेले. त्यांनी हृदयाची पट्टी काढली, ती स्वच्छ निघाली. मग अक्कांना विचारलं, "काय होतं आजी?"

"जीव जयस."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जीव जळतो? घरात काही ताण आहे का?" आणि हे विचारताना त्यांनी पाहिलं कुणाकडे, तर माझ्याकडे. मन शांत राहायची गोळी लिहून दिली. त्या गोळीने अक्का दिवसभर पेंगायला लागल्या. पेंगायच्या म्हणजे आडव्या पडायच्या, आणि आडव्या पडल्या की आणखीच जळायचं.

घरी आल्यावर मी लीलाधरला स्पष्ट सांगितलं, "आता डॉक्टरनेही लिहून दिलं की यांचा रोग म्हणजे मी. आपण वेगळं राहू." देवपुरात नदीपलीकडे दोन खोल्या मीच पाहून आले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी जायचं आणि परत यायचं ते थेट देवपुरात, असं ठरलं. लीलाधर हो म्हणाला, पण त्याचा चेहरा पाहवत नव्हता. अक्कांना सांगायचं त्याने उद्या-उद्यावर ढकललं. मलाही आनंद झाला होता असं नाही. खरं सांगायचं तर मी मोरीत जाऊन रडले.

पण सुनेने आजारी सासूला टाकलं, असं कुणी म्हणायला नको होतं. म्हणून जायच्या आधी आणखी एका डॉक्टरला दाखवायचं मी ठरवलं. गल्ली नंबर चारमध्ये डॉक्टर पितांबर सोनवणे होते. छोटा दवाखाना, बाहेर एक बाक. मी अक्कांना घेऊन गेले ती मनात भांडणाची तयारी करूनच. 'सून कशी आहे' म्हणून यांनी विचारलं तर सोडायची नाही!

अक्कांनी आपलं नेहमीचं सांगितलं, "मना जीव जयस."

डॉक्टर शिंदखेड्याकडचेच निघाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "कोठे जयस अक्का? बोट ठेवीसन दखाडा."

अक्कांनी बोट ठेवलं. छातीच्या मधल्या हाडाखाली, पोट सुरू होतं तिथे.

"अठेच ऱ्हास की वर चढस?"

"वर चढस." बोट तिथेच न राहता हळूहळू गळ्यापर्यंत गेलं. "पार नरडामा येस."

"तोंडमा आंबट पानी येस?"

"येस ना. कवयकवय कडू बी येस."

"जिना चढताना, पिशवी उचलताना जयस का?"

"नही. तवय काहीच नही. झाडू माराले वाकनू की जयस. आनि जेवीसन आडी पडनू की मंग इचारूच नका."

मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. दोन वर्षं ज्या वाक्यावर मी उशा भिजवल्या, त्याला पत्ता होता. खालून सुरू होऊन गळ्यापर्यंत जाणारा, बोटाने दाखवता येणारा पत्ता!

घास अडकतो का, वजन उतरलं का, शौचाला काळं होतं का, हे सगळं डॉक्टरांनी विचारलं. सगळ्याला नाही. मग म्हणाले, "खातस काय?"

अक्कांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि चक्क खोटं बोलल्या. "साधंच. वरन-भात."

"कुठलं वरण-भात!" मी म्हणाले. "शेवभाजी, पातोड्या, भरीत, ठेचा. रोज काही ना काही. मीच करते. आणि वर दोन कप चहा."

डॉक्टर हसले. "अक्का, मंग सांगं का नही पोरीले?"

अक्का पदराशी चाळा करत राहिल्या. "काय सांगू डॉक्टर? पोरगी शायमाईन दमीसन येस, डोयामा पानी येवस्तोर मिरच्या कुटस, इतला जीव लाईसन रांधस. तिले म्हनू का, हाई माले पचत नही?"

माझा संताप झाला आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. "दोन वर्षं!" मी दवाखान्यातच ओरडले. "दोन वर्षं मी तुम्हाला विस्तव खायला घालतेय आणि तुम्ही खाताय? एक शब्द बोलायचा नाही?" बाहेरच्या बाकावरचे पेशंट डोकावले. अक्कांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. जठरातलं ॲसिड उलटं अन्ननळीत चढतं, त्याची ही आग. गोळी दोन वेळा, चौदा दिवस. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. तिखट, तेल, चहा कमी. त्या शांत राहायच्या गोळ्या बंद. "या गोळ्यांनी थांबलं, तर आजार हाच. नाही थांबलं, तर नळी घालून आतून बघू."

नाही थांबलं तर. ते तीन शब्द मी घरी घेऊन आले. डॉक्टरांसाठी ती गोळीची परीक्षा होती, माझ्यासाठी माझी. जळणं थांबलं, तर ते पोटाचं होतं. नाही थांबलं, तर माझंच खरं, आणि देवपूर.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी शाळेतल्यासारखी हजेरी मांडली. जळलं त्या दिवशी 'ह', नाही जळलं तर 'गै'. पहिले तीन दिवस ह, ह, ह. मी मऊ खिचडी करायची, गूळ घातलेली आमटी करायची, माझ्या आईची. अक्का ती चवीने खायच्या आणि मग भिंतीला टेकून बसून राहायच्या. झोप येऊ नये म्हणून आम्ही गप्पा मारायचो. त्या तीन-तीन तासांत मला त्यांचं अख्खं शिंदखेडं कळलं आणि अहिराणी जरा जरा जिभेवर यायला लागली. पाचव्या दिवशी पहिला 'गै' पडला. सहाव्याला पुन्हा 'ह'. आठव्यापासून मात्र जळणं गैरहजर झालं ते चौदाव्या दिवसापर्यंत आलंच नाही. मी लीलाधरला सांगितलं, "देवपूरला नाही म्हणून कळवा." तो सायकलवर बसून तेव्हाच निघाला, चहाला थांबला नाही.

आखाजीच्या दोन दिवस आधी जळगावच्या गाडीत मला बसवून द्यायला अक्का स्वतः स्टँडवर आल्या. खिडकीशी उभ्या राहिल्या. गाडी सुटायला आली तसा त्यांनी छातीवर हात ठेवला.

"मना जीव जयस, बाई."

माझं धाबं दणाणलं. "काय खाल्लंत? थांबा, गोळी आहे." मी पिशवी उपसायला लागले.

"गोयी ऱ्हाऊ दे. काहीच खादं नही." त्यांनी बोट ठेवलं, जरा डावीकडे. "हाई वर चढत नही. अठेच ऱ्हास."

मी पिशवी तशीच मांडीवर धरून बसले.

"देवपूरन्या खोल्यासनी गोट माले माहीत व्हती," अक्का म्हणाल्या. "तठला घरमालकनी बायको माले बाजारमा भेटनी व्हती. मी काही बोलनू नही. आखाजी करीसन घर ईशी ना, बाई?"

म्हणजे ते चौदा दिवस माझ्या समोर बसून, माझी आमटी खाऊन, ही बाई हाच प्रश्न गिळत होती. खोल्या नकोत म्हणून कळवल्याचं तिला आम्ही सांगितलंच नव्हतं. तिला मुळातच माहीत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

कंडक्टरने घंटी मारली. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचा हात पकडला. "ईसू ना अक्का. चौथा दिनले ईसू. घरच ईसू." माझी अहिराणी ऐकून शेजारची बाई हसली, हसू दे. "मना बी जीव जयस."

गाडी हलली. अक्का दोन पावलं बरोबर चालल्या, डोळे पुसत, आणि वर पाहून विचारलं, "वर चढस का?"

"नही," मी ओरडून सांगितलं. "अठेच ऱ्हास."