डॉक्टरांची शेवटची पेशंट

हो, शेगडीच बोलतेय. दचकू नका. तीन पायांची, गोल पोटाची, डोक्यावर घुमटासारखं झाकण असलेली कोळशाची शेगडी. कुणी मला ग्रिल म्हणतं, कुणी बार्बेक्यू. भंगारवाल्याने तर 'ती काळी हंडी' असंच नाव ठेवलं होतं, आणि त्या दिवसांत मी दिसतही तशीच होते, त्यामुळे मी राग मानला नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या दोन मोठ्या वाट्या दाबून काढल्या, त्यांच्यावर काचेच्या पुडीचा थर दिला आणि भट्टीत घातल्या. पूड वितळून पत्र्यावर घट्ट बसली आणि माझं काळं तकतकीत अंग तयार झालं. याला इनॅमल म्हणतात. ते रंगासारखं सोलून निघत नाही, कितीही तापलं तरी कुरकुर करत नाही. मात्र चुकीचं हत्यार चाललं तर त्याचा टवका उडतो, आणि उडालेला टवका परत बसवता येत नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा पहिला मालक विमा कंपनीत होता. माणूस भारी हौशी. पहिले चार रविवार त्याने मला पेटवलं. शेजाऱ्यांना बोलावून, हातात लांब चिमटा घेऊन तो असा उभा राहायचा, जणू विस्तवाचा शोध त्यानेच लावलाय. पाचव्या रविवारी पाऊस होता, सहाव्याला डोकं दुखत होतं आणि सातव्याला त्याने सायकल घेतली. मी गच्चीच्या कोपऱ्यात गेले. आधी माझ्यावर मोजे वाळले, मग माझ्यात कांदे राहिले, मग एका मांजरीने माझ्या पोटात दोन पिल्लं घातली. खरं सांगते, त्या घरातले माझे सगळ्यांत सुखाचे दिवस मांजरीचे. पुढे त्यांनी घर बदललं आणि माझी भंगारवाल्याकडे उचलबांगडी झाली.

तिथे एका मोडक्या वॉशिंग मशीनला टेकून मी दोन वर्षं काढली. एका सकाळी डॉक्टर आले. ते खरं तर सायकलचा पंप शोधत होते. हे दातांचे डॉक्टर. एकतीस वर्षं दवाखाना चालवून गेल्याच वर्षी त्यांनी तो बंद केला होता. त्यांनी माझं झाकण उचललं, खिशातून छोटी टॉर्च काढली, मान तिरकी केली आणि आत पाहिलं. इतक्या आस्थेने माझ्या तोंडात आजवर कुणी डोकावलं नव्हतं.

"आतला रंग उडालाय साहेब," भंगारवाला प्रामाणिकपणे म्हणाला. झाकणाला आतून काळे पापुद्रे लोंबत होते.

"रंग नाही हा," डॉक्टरांनी एक पापुद्रा नखाने उचलला. "जुन्या धुराचं नि तेलाचं कीटण आहे. खालचं इनॅमल एकदम शाबूत आहे."

माझा जीव भांड्यात पडला. माझ्या बाबतीत तो दुसरीकडे कुठे पडणार म्हणा.

घरी दारातच डॉक्टरांच्या सौभाग्यवती उभ्या होत्या. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, त्यामुळे सगळी आळी त्यांना बाई म्हणते. मीही म्हणते.

"पंप आणायला गेला होतात ना?"

"पंप मिळाला नाही."

"म्हणून हे?"

"अगं, चांगली आहे. थोडं काम केलं की नवीकोरी होईल."

"हे तुम्ही मागे आणलेल्या त्या मोडक्या खुर्चीबद्दलही म्हणाला होतात," बाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. "मागच्या अंगणात ठेवा. घरात आणलीत तर तुमचीही गादी अंगणात घालीन."

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर उपचार सुरू झाले. उपचारच म्हणायचे. डॉक्टरांनी दवाखान्यातली कीटण काढायची हत्यारं आणली, पांढरा कोट चढवला, नाकावर भिंग बसवलं. झाकण त्यांनी आतून चार दिवस साफ केलं. माझी गंजलेली जाळी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली आणि मग तिची एकेक कांडी दातासारखी घासली. "इथे फार दुर्लक्ष झालंय," असं पुटपुटायचे. मला ओशाळल्यासारखं व्हायचं, जसा काही दोष माझाच होता.

खालची हवेची झडप जाम झाली होती. तिला तीन दिवस तेल पाजून मोकळी केली. झाकणाची करपलेली मूठ काढून नवी लाकडी मूठ लावली. वरच्या जाळीला बिजागऱ्या बसवल्या, म्हणजे मध्येच कोळसा घालायला पूर्ण जाळी उचलायला नको. आणि चाकं. माझ्या जुन्या चाकांचा भुगा झाला होता. डॉक्टर माळ्यावरून दवाखान्यातलं आपलं गोल स्टूल घेऊन आले. ज्याच्यावर बसून ते एकतीस वर्षं पेशंटाभोवती फिरले, तेच. बराच वेळ ते नुसतेच त्याच्याकडे बघत बसले. मग त्याची दोन चाकं काढून त्यांनी माझ्या पायांना लावली.

चाकं लावताना मला पहिल्यांदा कळलं. पाना माझ्या पायाला लागला आणि माझ्या अंगभर बारीक टकटक उमटली. डॉक्टरांचा उजवा हात थरथरत होता. नट तीनदा खाली पडला. "हल्ली नटसुद्धा धड बनवत नाहीत," ते मोठ्याने म्हणाले, म्हणजे स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं. नट बिचारा अगदी सरळ होता. मग त्यांनी रेडिओ लावला आणि आवाज चांगला वाढवला. टकटक ऐकू जाऊ नये म्हणून.

दवाखाना त्यांनी का बंद केला हे मला तेव्हा समजलं. जगाला त्यांनी सांगितलं होतं की गुडघे दुखतात. लेकीला तेच, बाईंनाही तेच. एकतीस वर्षं ज्या हाताच्या भरवशावर लोक तोंड उघडून डोळे मिटून घेत, तो हात आता ऐकत नाही, हे त्यांना कुणापाशीच कबूल करायचं नव्हतं. मी निर्जीव, म्हणून माझ्यासमोर चालून जायचं.

आणि नेमकं तेव्हाच लेकीचं पार्सल आलं. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. वडिलांनी पाठवलेले माझे फोटो पाहून तिने झाकणात बसवायचं थर्मामीटर पाठवलं होतं. गोल तबकडी, लाल काटा, मागे बोटभर दांडी. सोबत फोन: "बाबा, पुढच्या रविवारी येतेय. बसवून ठेवा हं. झाकणाला एक भोक पाडायचंय फक्त. तुमच्यासाठी काय, डाव्या हाताचा मळ."

एक भोक. इनॅमलमध्ये. दातावरच्या कडक थरालाही इनॅमलच म्हणतात. ज्या माणसाने जन्मभर इनॅमलमध्येच भोकं पाडली, त्याच्या तोंडाला हे ऐकून कोरड पडली. फोन ठेवल्यावर ते माझ्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले, आणि तो हात झाकणावर हलकेच वाजत राहिला.

सोमवारी त्यांनी जागा मोजली, चिकटपट्टी लावली, पेन्सिलीने टिंब काढलं. मंगळवारी ऊन फार होतं. बुधवारी ड्रिल चार्ज नव्हतं. गुरुवारी बाजारात जायचं होतं. शुक्रवारी म्हणे अंगात कसकस वाटत होती. दाढ काढायची टाळणाऱ्या पेशंटांकडून ज्या सबबी त्यांनी एकतीस वर्षं ऐकल्या आणि खोडून काढल्या, त्या सगळ्या त्यांनी चार दिवसांत स्वतः वापरल्या.

"पेशंट टेबलावर आहे, डॉक्टर कुठायत?" बाई खिडकीतून विचारायच्या.

"येतो, येतो. आधी चहा दे."

चहाचीही एक गंमत आहे. बाई डॉक्टरांना नेहमी अर्धाच कप चहा द्यायच्या. "तुमची साखर वाढलीय, अर्धाच घ्या." डॉक्टर कुरकुरायचे आणि घ्यायचे. मला वाटायचं, बाई जरा हात आखडता घेतात.

शनिवारी मात्र पळवाट उरली नाही. दुपारी डॉक्टरांनी कोट घातला, भिंग लावलं, झाकण टेबलावर घेतलं आणि ड्रिल सुरू केलं. मी श्वास रोखून धरला, म्हणजे दोन्ही झडपा बंदच होत्या. ड्रिलचं टोक टिंबावर टेकलं, थरथरलं, चिकटपट्टीवरून घसरलं आणि माझ्या अंगावर केसाएवढा ओरखडा उठला. टवका नव्हता, नुसता ओरखडा. पण डॉक्टरांनी ड्रिल बंद करून खाली ठेवलं. ते उलट्या बादलीवर जाऊन बसले आणि त्यांनी उजवा हात डाव्या हातात धरला, रडणाऱ्या पोराला धरावं तसा. त्या दिवशी ते रेडिओ लावायला विसरले होते.

बाई चहा घेऊन आल्या. अर्धा कप.

"माझा हात थरथरतो गं," डॉक्टर म्हणाले.

"माहितेय."

"कधीपासून?"

"तुमची कपबशी वाजायला लागली तेव्हापासून. दीड वर्ष झालं. भरला कप दिला की बशीत सांडायचा, आणि तुम्ही पाहुण्यांसमोर ओशाळे व्हायचात."

डॉक्टरांनी कपाकडे पाहिलं. "म्हणजे साखर?"

"साखर उत्तम आहे तुमची. रिपोर्ट मीच आणला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," बाई म्हणाल्या. "घरात माणूस मी एकटीच, आणि माझ्यापासूनही लपवत होतात. त्याचं वाईट वाटलं मला. हाताचं नाही."

मग डॉक्टरांनी ड्रिल उचललं आणि बाईंपुढे धरलं.

आता यातली खरी मेख ऐका. दातांच्या डॉक्टरांची ही बायको जन्मात कधी त्यांच्या खुर्चीत बसली नाही. ड्रिलचा आवाज ऐकला की तिचे पाय लटपटतात. दाढ दुखली तेव्हा ती गुपचूप दोन गल्ल्या पलीकडच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन, भूल घेऊन ती काढून आली होती, कारण नवऱ्यासमोर घाबरायचं नव्हतं. पण हीच बाई फळ्यावर नुसत्या हाताने असा गोल काढायची की मुलं कंपास लावून तपासायची.

"मला नाही जमायचं."

"हात तुझा स्थिर आहे. बाकीचं मी सांगतो."

"दुखणार नाही ना?"

"कुणाला?"

"मला," बाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले, पुष्कळ दिवसांनी. त्यांनी झाकणाखाली लाकडाचा ठोकळा दिला आणि स्वतःचे दोन्ही हात वरून दाबून धरले. असे दाबले की थरथरायला त्यांना जागाच उरली नाही. मग ते हळू आवाजात सांगत गेले. आधी बारीक टोक. दाबू नकोस, ड्रिलला त्याचं काम करू दे. आता थांब, पाण्याचा थेंब टाक. डोळे उघड, अगं डोळे उघड. बाईंचे गुडघे कापत होते, ओठ कापत होते, हात मात्र जागचा हलला नाही. बारीक भोक पडलं. मग जाड टोक लावून ते मोठं केलं. शेवटी काठावर मोहरीएवढा टवका उडालाच. बाईंचा चेहरा पडला.

"तबकडीखाली झाकला जाईल," डॉक्टर म्हणाले. "माझ्या पहिल्या पेशंटाच्या मानाने फारच छान."

थर्मामीटर बसलं. त्याचा नट डॉक्टरांनीच आवळला. या वेळी तो दोनदा पडला आणि त्यांनी नटाला नावं ठेवली नाहीत.

रविवारी लेक आली. कितीतरी वर्षांनी माझ्या पोटात कोळसे पेटले. झाकण बसलं, झडपा अर्ध्या उघडल्या, लाल काटा आळस झटकून वर चढू लागला. जाळीवर मक्याची कणसं होती, बटाटे होते, मासे होते. लेकीने तबकडीवरून बोट फिरवलं.

"बघा, काय सफाई आहे. बाबा, हात अजून तस्साच आहे हं तुमचा."

डॉक्टरांनी हे कौतुक नुसतं ऐकून घेतलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. बाईंनी तर विषय बदलायला तोंडही उघडलं होतं.

"भोक आईने पाडलंय," डॉक्टर म्हणाले. "माझा हात थरथरतो. दवाखाना त्यामुळेच बंद केला. गुडघे चांगले आहेत माझे."

लेकीने चिमटा खाली ठेवला, वडिलांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "मग उद्या दाखवून येऊ या. मी येते बरोबर." डॉक्टरांनी मान हलवली. पेशंट म्हणून ते अगदीच शहाणे निघाले.

बाई आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. बशी नव्हती. मोठा मग होता, काठोकाठ भरलेला. डॉक्टरांनी तो सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी धरला आणि उचलला. थोडा चहा माझ्या तापलेल्या झाकणावर सांडला आणि चर्र झालं. कुणी पुसायला धावलं नाही.

आता दर रविवारी मी पेटते. ओरखडा अजून आहे, टवका तबकडीखाली आहे. तुमच्याकडेही माझी एखादी बहीण गच्चीत मोजे वाळवत उभी असेल. तिला तेवढी खाली आणा. आणि तुम्हाला घरात रोज अर्धाच कप चहा मिळत असेल, तर कुरकुर करण्याआधी देणारीकडे एकदा नीट बघा. बरं, येते मी. काटा चढलाय आणि कणसं उलटायची राहिलीत.